तीन नंबरचं नाव

खंडेनवमीला संध्याकाळी आम्ही सर्व्हर बंद करून त्याला हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला सकाळी तो पुन्हा सुरू झाला. आणि एकादशीला मी ऑफिसात येऊन यादी उघडली, तेव्हा शालन मगदूम हे नाव आठव्या जागेवरून तिसऱ्या जागेवर आलेलं होतं.

आमच्या यादीत नावं वर सरकतात, त्यात नवल नाही. वरचं कुणी जातं, कुणाला घरातल्याच माणसाचं मूत्रपिंड मिळतं, मग खालचा वर येतो. पण दोन दिवसांत पाच जागा? मी मागच्या आठवड्याची छापील प्रत काढून शेजारी ठेवली. नावं सगळी तीच होती, एकशे बासष्ट. एकही कमी नाही की जास्त नाही. क्रम तेवढा फिरला होता. तिसऱ्या जागेवरचा कवठेमहांकाळचा बाळकृष्ण ऐनापुरे थेट चाळिसाव्या जागेवर जाऊन बसला होता.

शालन मगदूम म्हणजे आमच्या मगदूम सरांच्या पत्नी. मिरजेच्या या नोंदणी कक्षात सर्व्हरला हात लावणारी माणसं दोनच, मगदूम सर आणि मी, स्नेहल बेडगे. मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

यादीचं महत्त्व कळावं म्हणून कुंडांबद्दल थोडं सांगते. पूर्वी मूत्रपिंड निकामी झालं की दाता शोधत फिरावं लागे. आता रोग्याच्याच पेशी घेतात, मूत्रपिंडाच्या आकाराच्या जाळीदार साच्यावर पेरतात आणि काचेच्या बंद कुंडात वाढवतात. अकरा आठवड्यांनी जे तयार होतं ते रोग्याचं स्वतःचंच असतं, त्यामुळे शरीर ते परकं मानत नाही. कुंडं येऊन आता सहा वर्षं झाली. अडचण एवढीच की चार जिल्ह्यांत मिळून कुंडं आहेत नऊ. एकदा पेशी पेरल्या की ते कुंड अकरा आठवडे अडकलं, मध्येच माणूस बदलता येत नाही. म्हणून ही यादी. दर पंधरा दिवसांनी ती दुपारी चार वाजता लॉक होते, मग क्रम बदलता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या माणसांच्या पेशी कुंडात जातात. या वेळी मोकळी कुंडं तीन होती आणि लॉक करायचा दिवस होता एकादशीचा, म्हणजे आजचा.

चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत नियम सरळ होता, जो आधी नोंदला तो आधी. मग डॉक्टरांच्या समितीने तो बदलला. ज्याला थांबणं परवडणार नाही तो आधी. ऐनापुरेच्या हातात सुई टोचायला शीर उरली नव्हती आणि गळ्यातली डायलिसिसची नळी दोनदा बिघडली होती. आणखी अकरा आठवडे तो काढेल असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. शालनकाकू तीन वर्षं रांगेत होत्या, पण डायलिसिस त्यांना सोसत होतं. म्हणून ऐनापुरे तीन आणि काकू आठ.

संशय घेणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने कशावरच विश्वास ठेवू नये, असं मला शिकवलं ते मगदूम सरांनीच. सोळा वर्षांपूर्वी मी इथे लागले तेव्हा मला साधी फाइल कुठे ठेवतात तेही धड ठाऊक नव्हतं. सरांनी शेजारी बसवून एकेक गोष्ट शिकवली आणि चुकले तर चारचौघांत कधी बोलले नाहीत. अशा माणसावर संशय घेणं जिवावर आलं होतं. पण घेतला.

कारण बाकीच्या गोष्टीही नीट बसत होत्या. दर खंडेनवमीला सर चालू सर्व्हरलाच गंध लावायचे. रोग्यांची यादी आहे, हिला विश्रांती नसते, असं म्हणायचे. यंदा मात्र त्यांनीच सुचवलं की हत्यारं जशी खाली ठेवतात तसा याला एक रात्र बंद ठेवू. यादीची छापील प्रत काढून ठेवली होती, समितीची परवानगीही त्यांनीच आणली. दसऱ्याला सुट्टी असताना सर्व्हर सुरू करायला तेच एकटे आले. मला म्हणाले होते, तू कशाला सणाची येतेस. आणि आज सकाळपासून त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, यादी चारला लॉक होणार ना.

मी कामाला लागले. आधी राखण्याला विचारलं. राखण्या हा आमच्या सर्व्हरची देखभाल करणारा प्रोग्रॅम. पूर्वी आम्ही रोज करायचो ती सगळी कामं आता तो स्वतः करतो. सॉफ्टवेअरची जुनी पॅकेजं काढतो, नवी बसवतो, दोघांत भांडण लागलं तर सोडवतो. तो आल्यापासून सर्व्हरवर नेमकं काय काय बसवलेलं आहे ते आम्हा दोघांपैकी कुणालाच धड सांगता आलं नसतं. राखण्याचं उत्तर आलं, सर्व ठीक, डेटाबेस चालू आहे.

डेटाबेस चालू आहे हे मलाही दिसत होतं. प्रश्न होता, कुठला. मी डेटाबेसच्या दाराशी जाऊन थेट विचारलं, तू कोण? दार म्हणजे सर्व्हरवरचा एक ठरलेला क्रमांक. ज्याला यादी हवी तो तिथे मागतो. तिथून उत्तर आलं, भांडार, आवृत्ती सात. आम्ही चौदा महिन्यांपूर्वीच भांडार हा जुना डेटाबेस सोडून कोठार या नव्या डेटाबेसवर आलो होतो.

भांडार आणि कोठार एकाच घरातले. भांडार लिहिणाऱ्यांत मतभेद झाले, निम्मे बाहेर पडले आणि तोच प्रोग्रॅम घेऊन त्यांनी कोठार काढलं. त्यामुळे दोघांच्या फायलींची नावं सारखी आणि दोघांना दारही तेच हवं. आमचा सर्व्हर ज्या लिनक्स यंत्रणेवर चालतो, तिच्यावर अशी दोन पॅकेजं एकत्र बसवायला गेलात तर ती सरळ नाही म्हणते, आधी एक काढा म्हणते. राखण्याने मात्र शहाणपणा करून कोठारला वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलं आणि दोघांना एका छपराखाली ठेवलं. कोठार दारात उभं होतं तोवर सगळं सुरळीत चाललं. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तेव्हा जुनं भांडार आधी उठलं आणि दारात जाऊन उभं राहिलं. मागून आलेल्या कोठारने दार अडलेलं पाहिलं, नोंदवहीत एक ओळ लिहिली आणि गप्प बसलं. राखण्याने पाहिलं की दारातून कुणीतरी उत्तर देतंय. त्याचं समाधान झालं. राखण्या रोग्यांची नावं भांडारातही रोज उतरवत होता, म्हणून यादीत एकही नाव कमी नव्हतं. नियम तेवढा जुना होता, जो आधी नोंदला तो आधी.

म्हणजे आपोआप झालं? तसं मानायला मी तयार नव्हते. राखण्या नको असलेलं पॅकेज दोन दिवसही ठेवत नाही. चौदा महिने भांडार कसं राहिलं? मी त्याच्या नोंदी चाळल्या आणि उत्तर सापडलं. भांडारवर एक खूण होती, काढू नये, चालू स्थितीत जपून ठेवावे. खूण माणसाने केली होती. नाव होतं व्यवस्थापक.

व्यवस्थापक हे आमचं दोघांचं एकच खातं. त्याचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला आहे. ऑडिटवाले दर वर्षी त्यावर शेरा मारतात आणि आम्ही दर वर्षी कार्यवाही सुरू आहे असं उत्तर देतो. आता त्या आळसाचं फळ समोर होतं. खूण मी केलेली नव्हती, याची मला खात्री होती. मग उरलं कोण?

मी समितीच्या प्रमुख डॉ. जमादार यांना फोन लावला. यादीत गडबड आहे, मी सांगेपर्यंत लॉक करू नका, असं म्हटलं. त्यांनी विचारलं, बाहेरून कुणी घुसलंय का? मी म्हटलं, नाही मॅडम, आतल्याच माणसाचं काम दिसतंय. त्या म्हणाल्या,

“आत तुम्ही दोघंच आहात, स्नेहल.”

“हो मॅडम.”

“मग चारच्या आत नाव लिहून द्या.”

अहवाल लिहायला मला वीस मिनिटं लागली. दिनकर आप्पासाहेब मगदूम हे पूर्ण नाव टाइप करताना दोनदा चुकलं. सर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. हा कागद वर गेला की निवृत्तीआधीच चौकशी लागणार, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत नावाला कधी डाग न लागलेला माणूस बायकोसाठी यादी फिरवणारा म्हणून ओळखला जाणार. पण दुसऱ्या बाजूला कवठेमहांकाळचा माणूस होता. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, तरी त्याच्या गळ्यातली नळी सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

सर सर्व्हरच्या खोलीत होते. सर्व्हरच्या कपाटावर परवाचं कुंकू तसंच होतं आणि वर आपट्याचं एक पान ठेवलेलं होतं. मी दार लावून घेतलं आणि विचारलं.

“सर, भांडार काढू नये म्हणून खूण तुम्ही केलीत?”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

“हो. मीच केली. तसंच लिही.”

मला वाटलं होतं ते नाकारतील, चिडतील. निदान विचारतील तरी की तुला हे सुचलं कसं. मी बाहेर आले. डोळे भरून आले होते आणि रागही आला होता. इतका सरळ कबुलीजबाब मला पचत नव्हता.

जागेवर येऊन अहवाल पाठवायला बोट ठेवलं आणि थांबले. काहीतरी खटकत होतं. जुन्या कामाबद्दल विचारलं तर कुणीही आधी विचारतं, कधी केली म्हणतेस? सरांनी विचारलं नाही. न विचारता कबूल केलं, म्हणजे खूण कधीची आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि मला? मला ठाऊक नव्हतं. व्यवस्थापक हे नाव दिसल्यावर मी पुढचं वाचलंच नव्हतं.

मी नोंद पुन्हा उघडली. गेल्या वर्षीचा एकोणीस ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊ ते एक सर शालनकाकूंबरोबर डायलिसिसच्या वॉर्डात असतात. गेल्या तीन वर्षांत एक दिवसही चुकलेला नाही. वॉर्डात फोन बाहेर ठेवावा लागतो आणि आमच्या सर्व्हरला या खोलीबाहेरून हात लावताही येत नाही. शुक्रवारी त्यांचं काम मीच सांभाळते. दुपारी ते परत आले की काकूंनी दिलेल्या डब्यातली भाकरी आम्ही वाटून खातो.

मी खणातली गेल्या वर्षीची डायरी काढली. खरं तर काढायची गरज नव्हती, तोवर सगळं आठवलं होतं. कोठार बसवलं तो दिवस. सर नव्हते. नवीन पॅकेज अडलं तर काय, अशी भीती वाटत होती. जुनं हाताशी असावं म्हणून मीच राखण्याला सांगितलं, हे काढू नकोस, चालू ठेव. डायरीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘भांडार पंधरा दिवस ठेवणे, मग काढणे.’ शेजारी बरोबरची खूण नव्हती.

तोंडात मारल्यासारखी मी बसून राहिले. सकाळपासून मी आतला चोर शोधत होते. माझी स्वतःची डायरी माझ्याच खणात होती, आणि इतक्या तासांत तो खण उघडावा असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

परत आत गेले तेव्हा सर खुर्चीवर बसले होते. मी डायरी उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती वाचलीही नाही.

“तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं.

दसऱ्याला सकाळी, असं ते म्हणाले. सर्व्हर सुरू होताना कोठारने लिहिलेली ती ओळ त्यांनी पडद्यावर पाहिली. राखण्या ती ओळ वाचत नाही, पण सरांना सर्व्हर सुरू होताना प्रत्येक ओळ वाचायची जुनी सवय. त्यांनी खूण शोधली, तारीख पाहिली, शुक्रवार पाहिला. माझी चूक आहे हे त्यांना पाच मिनिटांत समजलं. मग यादी उघडली. तिसऱ्या जागेवर काकूंचं नाव होतं. त्यांनी पडदा बंद केला, सर्व्हरवर आपट्याचं पान ठेवलं आणि ते घरी गेले.

“मला फोन का नाही केलात?”

“फोन हातात घेतला होता. स्नेहलची चूक चव्हाट्यावर येईल म्हणून खाली ठेवला, असं दोन दिवस मी स्वतःला सांगतोय. खरं काय ते मला विचारू नकोस. विचारायची माझीच हिंमत होत नाही.”

तरीही मी एक गोष्ट विचारलीच. यंदाच सर्व्हर बंद करायचं का सुचवलंत? ते म्हणाले, शेवटची खंडेनवमी होती गं, एकदा तरी त्याला नीट विश्रांती द्यावी असं वाटलं. मी मान हलवली. त्यांच्यावर विश्वास ठेवावा असं फार वाटलं. ठेवला की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

साडेतीन वाजत आले होते. सर म्हणाले, ऊठ, मी करतो. मी म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, चूक तुझी असेल, पण दोन दिवस माझे आहेत. मग मी त्यांना कीबोर्ड दिला. त्यांनी भांडार थांबवलं, माझी खूण पुसली, सुरू होताना आपोआप उठायची त्याची परवानगी काढली आणि पॅकेज मुळासकट उपटलं. दार मोकळं झालं. त्यांनी कोठारला हाक दिली. मी शेजारी बसून आज सकाळपासून भांडारात झालेल्या दोन नव्या नोंदी हाताने कोठारात उतरवल्या. मग त्यांनी दाराशी विचारलं, तू कोण? कोठार, आवृत्ती दोन, असं उत्तर आलं.

यादी उघडायला त्यांनी वेळ लावला. तिसऱ्या जागेवर बाळकृष्ण ऐनापुरे होता. सरांचं बोट पडद्यावरून हळूहळू खाली गेलं आणि आठव्या नावाशी थांबलं. ते नाव त्यांनी मनात वाचलं. ओठ हलले तेवढे मला दिसले.

मी डॉ. जमादारांना फोन करून यादी बरोबर झाल्याचं कळवलं. त्यांनी नाव विचारलं. मी माझं सांगितलं. त्या म्हणाल्या, लेखी द्या. सरांचं नाव घातलेला अहवाल मी पुसून टाकला आणि नवा लिहिला. खूण, तारीख, पंधरा दिवसांनी न केलेलं काम, एकच खातं, कॅलेंडरमागचा पासवर्ड, सगळं त्यात घातलं. दसऱ्याच्या सकाळबद्दल लिहायचं की नाही यावर अडले. ज्या हाताने मघाशी त्यांचं पूर्ण नाव टाइप केलं होतं, त्या हाताने ते वाक्य लिहिणं झालं नाही. मी लिहिलं नाही. ते बरोबर होतं की दुसरी चूक, हे ठरवायला वेळही नव्हता. चार वाजता यादी लॉक झाली.

सही करून मी अहवाल घेऊन निघाले तेव्हा सर खिडकीपाशी उभे राहून घरी फोन लावत होते. त्यांनी मला पाहिलं, पण ते पाठ फिरवून उभे राहिले नाहीत.

“शालन, ऐक. दसऱ्याला तुला मी तीन नंबर म्हणालो ना, तो तीन नाही. आठच आहे.”

म्हणजे त्यांनी काकूंना सांगितलं होतं. दसऱ्याच्या दिवशी, घरी गेल्या गेल्या. काकूंनी दोन दिवस तीन नंबर मनात धरून काढले होते. शेजारणींना सांगितलं असेल, मुलीला फोन केला असेल. माझ्या हातातला कागद मला जड वाटायला लागला.

पलीकडून काकू बराच वेळ बोलत होत्या. सर नुसतं हं, हं करत राहिले.

“नाही, नाही,” शेवटी ते म्हणाले. “स्नेहलकडून काही झालं नाही. तिला कशाला मध्ये आणतेस? माझंच वाचायला चुकलं. नंबर दुसऱ्याचा होता.”

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि उद्या शुक्रवार आहे, मी एकनंतर येईन, एवढंच मला सांगितलं.